“सिस्टर, डॉक्टर कधी येतील?” : अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांमधली स्त्री-पुरुष समानता

मध्यरात्र (धागाकर्ती)

अकरा वर्षं अतिदक्षता विभागात डॉक्टर म्हणून काम करते आहे. बरेच दिवस हा विषय इथे मांडायचा होता, परवाच्या रात्रीनंतर आता मांडतेच.

सात नंबरच्या रुग्णाचा ऑक्सिजन खाली यायला लागला. मी नळी घातली, व्हेंटिलेटर लावला, बीपीचं औषध सुरू केलं. मग बाहेर येऊन त्यांच्या मुलाला सगळं नीट समजावलं. किडनी थांबत चालली आहे, डायलिसिस लागेल, त्यासाठी मानेत नळी घालावी लागेल, तुमची संमती हवी. पंधरा मिनिटं बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं सिस्टर, पण डॉक्टर कधी येतील?” मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या ब्रदरकडे, म्हणजे पुरुष नर्सकडे, वळला, “डॉक्टरसाहेब, तुम्हीच सांगा, वाचतील ना?”

त्या मुलावर माझा राग नाही. वडील आत पडलेले असताना माणूस डोक्यात आधीपासून असलेल्या चित्रालाच धरून बोलतो. सिस्टर म्हटल्याचंही वाईट वाटलं नाही, तो मानाचाच शब्द आहे. त्रास पुढच्या गोष्टीचा झाला. मी सांगितलेलं त्याला “डॉक्टरांनी सांगितलेलं” वाटलंच नव्हतं, म्हणून सही थांबली. माझ्याहून पाच वर्षं कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याने येऊन तेच सगळं पुन्हा सांगितलं, तेव्हा सही झाली. मधे चाळीस मिनिटं गेली. ती चाळीस मिनिटं माझ्या मानापमानातून वजा झाली नाहीत, रुग्णाच्या वेळेतून गेली.

बाहेरच्यांचं सोडून देऊ, आत काय चालतं? कोड, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णाला वाचवायची धावपळ, सुरू झाला की मोठ्या, स्पष्ट आवाजात हुकूम द्यावे लागतात. “तू छाती दाब. तू ॲड्रेनॅलिन भर. दोन मिनिटं झाली, बदला.” हेच पुरुष सहकारी बोलला तर त्याची पकड चांगली म्हणतात, मी बोलले तर “मॅडम आज तापल्यात”. कितीतरी वर्षं मी कोड संपल्यावर एकेकाजवळ जाऊन “मघाशी आवाज चढला, मनावर घेऊ नका” म्हणायचे. ही माझ्या एकटीचीच खोड आहे असं वाटायचं. मग २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचनात आला. त्यात निवासी डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन कोडचं नेतृत्व करताना काय वाटतं ते विचारलं होतं. चांगल्या नेत्याचं वर्णन स्त्रिया आणि पुरुष दोघांनीही तेच केलं, भारदस्त आवाज आणि ठाम उभं राहणं. स्त्रियांनी मात्र तसं वागताना येणारा ताण बोलून दाखवला, आणि काहींनी नंतर माफी मागत असल्याचं सांगितलं. वाचून रडू आलं.

म्हणून विचारते. तुमच्याकडे काय अनुभव आहे? आणि काही बदल करून फरक पडला असेल तर नेमकं काय केलंत ते जरूर लिहा. “धीर धरा, खंबीर व्हा” हा सल्ला मला पुरेसा मिळाला आहे.

शुश्रूषक

मॅडम, तुमच्या शेजारचा तो ब्रदर मी असू शकलो असतो. मला रोज “डॉक्टरसाहेब” म्हणतात. आधी मी दुरुस्त करायचो, मग कंटाळून सोडून दिलं. तुमचा धागा वाचून कळलं की माझ्या गप्प राहण्याने माझ्या शेजारी उभ्या बाईचा अधिकार कमी होतो. आता पुन्हा सांगायला लागेन, “मी नर्स आहे, डॉक्टर या आहेत.”

थोडं आमच्या बाजूचंही. जगभरात परिचर्येत सुमारे ९० टक्के स्त्रिया आहेत. अशा ठिकाणी आलेल्या पुरुषाला वरची पायरी लवकर मिळते. क्रिस्टीन विल्यम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९२ मध्ये याला काचेचा सरकता जिना असं नाव दिलं. मी स्वतः त्या जिन्यावरून वर आलो. माझ्यापेक्षा जास्त वर्षं काढलेल्या दोन सिस्टर असताना इनचार्ज मी झालो. तेव्हा मला ते माझ्या कामाचंच फळ वाटलं होतं. आज तेवढ्या खात्रीने म्हणवत नाही.

पण त्याच विचाराची दुसरी बाजूही आहे. रुग्ण भ्रमात हातपाय झाडायला लागला की हाक मला. शंभर किलोचा रुग्ण पालथा करायचा तर डोक्याकडची बाजू डॉक्टरांकडे आणि वजनाची बाजू माझ्याकडे. नातेवाईक अंगावर आले तर पुढे मी. कंबर गेली आहे. मुलगी झाली तेव्हा रजा मागितली तर “घरी बायको आहे ना?” असं उत्तर मिळालं. बाई म्हणजे सांभाळणारी आणि पुरुष म्हणजे ताकद, हे एकदा ठरलं की दोघांचंही नुकसान ठरलेलंच.

तटस्थ

विषय चांगला आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. अतिदक्षता विभाग ही अशी जागा आहे जिथे मॉनिटरला समोरचा डॉक्टर पुरुष आहे की स्त्री ते कळत नाही. ज्याचा हात चांगला त्याला नळी घालायला द्या, ज्याचं डोकं थंड त्याला कोड चालवायला द्या. यात समानतेचा प्रश्न कुठून आला? शिवाय २०१७ मधला एक अभ्यास आठवतो. पुतळ्यावर पुनरुज्जीवनाचा सराव करताना फक्त मुलींच्या गटांनी प्रत्यक्ष छाती दाबण्यात कमी वेळ दिला होता आणि नेतृत्वाची ठाम वाक्यंही त्यांच्यात कमी होती. हेही बोलायला हवं ना?

आकडेमोड

@तटस्थ, जरूर बोलायला हवं. तो अभ्यास मीही वाचला आहे. तो वैद्यकीय विद्यार्थ्यांवर, सरावाच्या खोलीत झाला होता. माझ्या मते त्याचा अर्थ असा की मुली शिक्षणाच्या त्या टप्प्यावर पोचेपर्यंत त्यांना हुकूम द्यायची सवय कुणी लावलेली नसते. आता त्याच्या शेजारी २०१९ चा अभ्यास ठेवा. त्यात रुग्णालयातल्या खऱ्या कोडच्या नोंदी तपासल्या. जिथे नेतृत्व स्त्री डॉक्टरकडे होतं तिथे हृदय पुन्हा सुरू होण्याचं प्रमाण कमी नव्हतं, उलट जास्त निघालं. एवढ्यावरून “बायका सरस” म्हणणं मला पटत नाही, कारण ते निरीक्षण होतं, प्रयोग नव्हता. पण शिकून तयार झालेली बाई कोड चालवायला कमी पडते या समजुतीला तिथे आधार उरत नाही.

“हात चांगला त्याला द्या” हे ऐकायला बरोबर वाटतं. पण हात चांगला होतो कसा? पन्नास नळ्या घातल्यावर. त्या पन्नास कुणाला मिळाल्या, हा माझा प्रश्न आहे.

मोठं चित्रही मांडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार आरोग्य आणि सामाजिक सेवेतल्या मनुष्यबळात सुमारे ७० टक्के स्त्रिया आहेत, पण वरच्या पदांवर सुमारे २५ टक्के. त्याच संघटनेने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर २०२२ मध्ये पगारांचा अभ्यास केला. या क्षेत्रात स्त्रियांना पुरुषांपेक्षा सरासरी २४ टक्के कमी मिळतात, आणि हे वय, शिक्षण, कामाचे तास धरून.

आपल्या शाखेपुरतं बोलायचं तर अतिदक्षता शास्त्राच्या पाच मोठ्या परिषदांची सात वर्षांची वक्त्यांची यादी तपासली गेली होती. स्त्री वक्त्या परिषदेगणिक ५ ते ३१ टक्के होत्या. २००८ ते २०१८ मधले या शाखेतले शोधनिबंध पाहिले तर पहिलं नाव स्त्रीचं असलेले सुमारे ३१ टक्के आणि शेवटचं, म्हणजे ज्येष्ठ लेखकाचं नाव स्त्रीचं असलेले २० टक्क्यांच्या आत. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्येष्ठ लेखिका असेल तिथे पहिलं नावही स्त्रीचं असण्याची शक्यता बरीच वाढलेली होती. एक बाई वर पोचली की मागून येणारीसाठी दार उघडं राहतं.

जुनी मेट्रन

माझी निवृत्ती होऊन नऊ वर्षं झाली. टाइप करायला वेळ लागतो, पण लिहिते.

ही शाखा कुठून आली ते नव्या मुलांना माहीत असावं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी घशाला छेद देऊन, नळी घालून, हाताने फुगा दाबत श्वास देण्याचा मार्ग दाखवला. सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून फुगे दाबत होते. अशा रुग्णांतले दहातले जवळजवळ नऊ दगावत, ते प्रमाण चारात एकापर्यंत आलं. १९५३ च्या शेवटी इब्सेननी वेगळा विभाग काढला आणि आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून धरतात. इब्सेनांचं श्रेय मोठंच आहे. पण रात्रभर त्या रुग्णांची नळी साफ करणाऱ्या, कूस बदलणाऱ्या, फुगा दाबणाऱ्या पोराला झोप लागत नाही ना हे पाहणाऱ्या परिचारिकांपैकी एकीचं तरी नाव कुणाला सांगता येईल का? सगळ्यात आजारी माणसाला एका जागी, नजरेसमोर ठेवायचं ही परिचर्येची जुनी रीत आहे. नाइटिंगेल बाईंनी १८६३ मध्येच शस्त्रक्रियेच्या खोलीला लागून रुग्ण सावरेपर्यंत ठेवायच्या छोट्या खोल्यांबद्दल लिहून ठेवलं होतं.

आता एक कडू बोलते, धागाकर्तीने राग मानू नये. माझ्या उमेदीच्या काळात पुरुष डॉक्टर सिस्टरचं ऐकत नसत. नंतर बाई डॉक्टर आल्या, मला मनापासून आनंद झाला. पण त्यांच्यातल्याही कितीजणी ऐकत नसत. एका रात्री मी तीनदा सांगितलं, “मॅडम, श्वासाची गती वाढली आहे, अठराची तीस झाली, माणूस अस्वस्थ आहे.” मॅडम म्हणाल्या, “ऑक्सिजन ठीक दिसतोय ना, बघू सकाळी.” पहाटे चारला तो माणूस कोसळला. त्या मॅडम वाईट नव्हत्या. राउंडला डॉक्टर पुढे आणि सिस्टर मागे, पाठीमागून कुणी बोललं तर वळून पाहायचं नसतं, हेच त्यांना शिकवलेलं होतं.

तेव्हा समानता फक्त डॉक्टर बाई आणि डॉक्टर पुरुष यांच्यात मोजू नका. परिचर्या हे बायकांचं काम, म्हणून त्यातलं ज्ञानही हलकं, ही गाठ आधी सोडवा.

मध्यरात्र

मेट्रनताई, राग कसला. मीही अशी कुणाला तरी “बघू सकाळी” म्हणाले असणार. माझ्यावर अन्याय होतो तेवढाच मला दिसतो, माझ्याकडून होतो तो दिसायला तुमच्यासारखं कुणीतरी लागतं. उद्यापासून राउंडची सुरुवात सिस्टर करतील. रात्र कशी गेली ते आधी त्या सांगतील, मग आम्ही.

दोन जीव

मी सातव्या महिन्यात आहे आणि आयसीयूतच ड्युटी करते आहे. माझा अनुभव जरा वेगळा आहे.

गरोदर असल्याचं सांगितल्यावर सगळे क्ष-किरणाबद्दल बोलायला लागले. पोर्टेबल मशीन आलं की “पळा पळा, मॅडमना बाहेर काढा”. काळजी खरी होती, मला ती कळते. पण नियम काय आहे ते मी वाचून काढलं. गरोदरपण जाहीर केल्यावर उरलेल्या काळात गर्भाला कामातून मिळणारा जास्तीचा डोस सुमारे १ मिलिसिव्हर्टच्या आत ठेवायचा असतो, आणि छातीचा फोटो काढताना दोन मीटर लांब उभं राहिलं तर पोचणारं किरणोत्सर्जन अगदी नगण्य असतं. म्हणजे दोन पावलं मागे सरकून ॲप्रन घातलं की झालं. उलट सलग रात्रपाळ्या, बारा तास उभं राहणं, रुग्ण उचलणं याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ज्याची भीती बाळगायला नको त्यासाठी मला प्रोसिजरमधून काढलं, आणि जे खरंच अवघड आहे ते तसंच चालू आहे.

मला न विचारता ब्रॉन्कोस्कोपीच्या (दुर्बिणीने श्वासनलिका तपासण्याच्या) यादीतून माझं नाव गेलं. “तुझ्याच भल्यासाठी.” सहा महिने हात सुटला तर परत आल्यावर मी कच्ची ठरणार, आणि मग कुणीतरी म्हणणार, हात चांगला त्याला द्या.

बाळंतपणानंतरची चिंता तर वेगळीच. दर तीन-चार तासांनी दूध काढावं लागतं. आमच्या विभागात आतून कडी लागेल अशी एकच जागा आहे, मळके कपडे ठेवायची खोली. तिथे माझ्या आधीच्या दोघींनी दूध काढलं आहे.

श्वासयंत्र

मी श्वसन तंत्रज्ञ. सामानाबद्दल थोडं लिहितो, कारण भावना बाजूला ठेवून मोजता येतील अशा गोष्टी इथेच सापडतात.

एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी. कडेने हवा जात असेल तर तो नुसता कापडाचा तुकडा. साथीच्या काळात आमच्याकडे एकाच मापाचे खोके यायचे. लहान चेहऱ्याच्या सहकाऱ्यांच्या, म्हणजे बहुतेक सिस्टरांच्या, नाकाच्या बाजूने फट राहायची. त्यांनी पट्ट्या करकचून बांधून गालावर जखमा करून घेतल्या. माप मागवायचा अधिकार असलेल्या समितीत ज्यांना तो मास्क बसत नव्हता त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

आता छाती दाबण्याचं. प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. यात मनगटाची ताकद कमी लागते, खांदे हातांच्या बरोबर वर आणून कमरेपासून वजन टाकणं महत्त्वाचं. पलंग उंच असेल आणि माणूस बुटका असेल तर खांदे वर येतच नाहीत, मग तो हाताने ढकलत बसतो आणि मिनिटात दमतो. मग शेरा ठरलेला, “बायकांना जमत नाही.” उपाय काय? एक पायरीचं स्टूल, किंवा पलंग खाली घेणं. आणि दोन मिनिटांनी माणूस बदलणं, जे पहिलवानालाही लागू आहे. नळी घालतानाही तसंच, पलंग घालणाऱ्याच्या उंचीला आणावा लागतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं सगळ्यात उंच कन्सल्टंटच्या मापाला असायचा.

बेड नंबर अठरा

मी पुरुष आहे आणि एका विभागाचा प्रमुख आहे, म्हणून बोलणं माझी जबाबदारी आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका रजिस्ट्रार (शिकाऊ डॉक्टर) मुलीने तिची लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, माझ्यासमोर ठेवली, शेजारी तिच्याच तुकडीतल्या मुलाची. त्याच्या सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायच्या नळ्या), श्वासाच्या नळ्या, ब्रॉन्कोस्कोपी. तिच्याकडे नातेवाइकांच्या बैठका, डिस्चार्ज समरी, ऑडिटचे तक्ते. फरक एका नजरेत दिसत होता. मी कधी ठरवून भेद केला नव्हता. “तू छान समजावतेस” म्हणून तिला बाहेर पाठवायचो, आणि आत सुई हातात द्यायला जो समोर उभा असेल त्याला द्यायचो. ती बाहेर असल्यामुळे समोर उभा असायचा तो मुलगा. दोन वर्षं मी तिचं कौतुक करत करत तिचं शिक्षण अडवलं.

त्यानंतर केलेले बदल लिहितो. प्रोसिजर आता मर्जीने नाही, फळ्यावरच्या पाळीने मिळते. ज्याची पाळी त्याची सुई, बाकीच्याने नातेवाइकांकडे जायचं. ड्युटी सुरू होताना सगळे गोल उभे राहतात आणि नाव व काम सांगतात. आज कोड झाला तर नेता कोण, हे तेव्हाच ठरतं आणि मोठ्याने बोललं जातं. हे माझ्या डोक्यातून आलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या सुरक्षा यादीत जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांनी नाव आणि भूमिका सांगायची पायरी घातलेलीच आहे. २०१७ पासून सिडनीतल्या एका भूलतज्ज्ञामुळे टोपीवर नाव आणि हुद्दा लिहायची पद्धतही पसरली. आमच्या टोप्यांवर आता मोठ्या अक्षरांत “डॉक्टर”, “नर्स” असं लिहिलेलं असतं. नातेवाइकांचा गोंधळ बराच कमी झाला.

एक फरक माझ्यासाठी अनपेक्षित होता. नेता आधीच जाहीर झालेला असला की बाईला आवाज चढवून जागा मिळवावी लागत नाही. आवाज चढवायचा तो फक्त गोंगाटामुळे. कोडनंतरच्या माफ्या आमच्याकडे ऐकू येईनाशा झाल्या आहेत.

@दोन जीव, तुमच्याशी न बोलता यादी बदलणं चूकच. काय झेपतं हे तुम्ही सांगायचं आणि विभागाने ते लिहून घ्यायचं. आणि परत आल्यावर पहिले काही आठवडे ज्येष्ठ सोबत असताना प्रोसिजर मिळाल्या पाहिजेत, हेही आत्ताच लिहून घ्या.

तटस्थ

सगळं वाचलं. स्टूलवरच्या प्रतिसादाने माझं एक मत बदललं. “जमत नाही” असं मीही म्हणालो आहे, आणि पलंगाची उंची पाहायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. लॉगबुकचंही पटलं.

परिषदेत वक्त्यांमध्ये ठरावीक टक्के स्त्रिया असाव्यात हे मात्र मला अजून पटत नाही. विषयातला जाणकार बोलवावा, एवढंच.

आकडेमोड

@तटस्थ, जाणकार बोलवावा यावर आपलं एकमत आहे. पण जाणकारांची यादी काढतो कोण? गेल्या वेळचे वक्ते आणि आयोजकांचे मित्र. मोठ्या रुग्णालयातल्या साप्ताहिक व्याख्यानांचा २०१७ मधला एक अभ्यास सांगतो. पुरुषांनी पुरुष वक्त्याची ओळख करून देताना १०० पैकी साधारण ७२ वेळा “डॉक्टर” हे बिरुद लावलं, स्त्री वक्तीची करून देताना साधारण ४९ वेळा. पदवी तीच. बाईला मंचावरही नुसत्या नावाने बोलावलं जात असेल तर पुढच्या वेळी “जाणकार कोण” म्हटल्यावर तिचं नाव आठवणार कसं? टक्केवारी नको असेल तर निदान निवड करणाऱ्यांमध्ये स्त्रिया घ्या, आणि परिचारिकाही.

जुनी मेट्रन

व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकन डॉक्टरबाईंची गोष्ट आठवली. त्यांना सर्जन व्हायचं होतं. वरिष्ठांनी सांगितलं, बाईला सर्जरीत भवितव्य नाही, भूलशास्त्राकडे जा. त्या गेल्या, तो विभाग त्यांनी उभा केला, आणि तो स्वतंत्र खातं झाला तेव्हा १९४९ मध्ये प्रमुखपद एका पुरुषाला मिळालं. ॲपगारबाई त्याच वर्षी त्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या पहिल्या स्त्री पूर्ण प्राध्यापक झाल्या, आणि मग नवजात बाळांकडे वळल्या. १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा, बाळाची तब्येत जोखणारा स्कोअर आजही जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला मोजतात. लोक म्हणतात, बघा, अडवलं तरी चमकल्या. मला नेहमी वाटतं, अडवल्यावर ज्या चमकल्या नाहीत, नुसत्या घरी गेल्या, त्या किती असतील.

मध्यरात्र

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, कळवायचं राहिलं होतं.

राउंडला आता सिस्टर आधी बोलतात. पहिल्या दिवशी दोघी गप्प राहिल्या, काय बोलायचं ते सुचेना. चौथ्या दिवशी त्यातल्याच एकीने लघवीचं प्रमाण आदल्या रात्रीपासून कमी होत असल्याचं सांगितलं. आम्ही आकड्यांत ते दुपारी पाहिलं असतं. मळक्या कपड्यांच्या खोलीसारखीच आमच्याकडेही जागा होती. प्रमुखांशी बोलून सेमिनार रूमच्या मागची छोटी खोली मोकळी करून घेतली, कडी लावली, फ्रिज मागितला आहे. ब्रदर नातेवाइकांना स्वतःहून सांगतात, “मी नर्स, या डॉक्टर.”

परवा कोड झाला. नेता मी होते, ड्युटी सुरू होतानाच ठरलं होतं. छाती दाबायला आमची सगळ्यात छोट्या चणीची सिस्टर चढली आणि कुणीही न सांगता ब्रदरनी स्टूल तिच्या पायाखाली सरकवलं. ते स्टूल आता क्रॅश कार्टला (कोडच्या सामानाच्या गाडीला) साखळीने बांधून ठेवलं आहे, कुणी उचलून नेऊ नये म्हणून. रुग्ण वाचले नाहीत. बाहेर जाऊन त्यांच्या मुलीला मी सांगितलं, आणि ती माझ्याशीच बोलली.

मास्कची तीन मापं मागवली आहेत. येत्या आठवड्यात सगळ्यांची फिट टेस्ट (मास्क नीट बसतो का याची तपासणी) आहे, कुणाला कोणतं बसलं ते इथेच लिहीन. @श्वासयंत्र, टेस्टच्या आधी काही खायचं-प्यायचं नसतं का? तेवढं सांगा.

श्वासयंत्र

चवीची टेस्ट (मास्कमधून फवाऱ्याची चव लागते का ते पाहतात ती) असेल तर पंधरा मिनिटं आधी पाण्याशिवाय काही नको, च्युइंगगमही नको. दाढी असलेल्यांना गुळगुळीत करून यायला सांगा, नाहीतर मास्क बसणारच नाही. आणि सुरुवात रात्रपाळीच्या सिस्टरांपासून करा, त्यांना दिवसा पुन्हा यायला लावू नका.